आईची फाइल

बाबांची फाइल दोन इंच जाड आहे. दर तीन महिन्यांची शुगर, एचबीएवनसी (म्हणजे तीनेक महिन्यांची सरासरी साखर), डोळ्यांचा पडदा, लघवीतलं प्रोटीन, सगळं तारखेनुसार. लावलंय आईने. परवा तिला विचारलं, "तुझे रिपोर्ट कुठेत गं?" तर कपाटातल्या पिशवीतून एकच कागद निघाला. 2016 सालचा. हिमोग्लोबिन 9.2, म्हणजे कमीच.

मग शिलाई मशीनवरची टेप घेतली आणि तिची कंबर मोजली. परकराची नाडी बांधतो तिथे नाही, शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या बरोबर मध्ये. छत्तीस इंच, म्हणजे साधारण 91 सेंटिमीटर. आपल्याकडच्या बायकांसाठी 80 ही मर्यादा धरतात, पुरुषांसाठी 90. आईचे हातपाय काटकुळे. तिला कुणी जाड म्हणणार नाही. पण अंगाने बारीक, पोटात चरबी आणि म्हणून मधुमेहाचा धोका, ही आपल्या लोकांची ठेवण पुण्याचे मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक कित्येक वर्षं सांगतायत.

2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचे आकडे बघा. रक्तातली साखर वाढलेले किंवा त्यासाठी गोळ्या घेणारे पुरुष 15.6 टक्के, बायका 13.5. रक्तदाबातही पुरुष पुढे, 24 विरुद्ध 21.3. इथेच थांबलं तर वाटेल, हे पुरुषांचंच दुखणं. त्याच सर्वेक्षणात कंबर आणि नितंबांचं मापही घेतलंय. त्या गुणोत्तराप्रमाणे धोक्याच्या रेषेपलीकडे पुरुष 47.7 टक्के आणि बायका 56.7! बरं, हे माप 49 वर्षांपर्यंतच्याच बायकांचं. पाळी जाईपर्यंत इस्ट्रोजेन चरबीला मांड्या-नितंबांकडे वळवतं, ते ओसरलं की ती पोटात, यकृताभोवती साठायला लागते. म्हणजे खरा बदल जिथे सुरू होतो, साधारण तिथेच आपली टेप संपते. माझी आई 58 ची. ती या आकड्यात नाहीच.

आणि मधुमेह झालाच, तर हृदयविकाराचा धोका बायकांमध्ये पुरुषांपेक्षा जास्त पटीने वाढतो. तरी छातीत धडधडलं की बाबांचा ईसीजी निघतो, आईला "ॲसिडिटी असेल".

मला सगळ्यात जास्त राग आला तो पुढच्या गोष्टीचा. बोलता बोलता आई म्हणाली, "धाकट्याच्या वेळी सातव्या महिन्यात शुगर वाढली होती की. बाळंतपणानंतर गेली." गेली, हे ठरवलं कुणी? गरोदरपणात साखर वाढलेल्या बाईला पुढे मधुमेह होण्याची शक्यता कित्येक पट जास्त असते. बाळंतपणानंतर दीड-दोन महिन्यांनी तपासणी, मग दर एक ते तीन वर्षांनी पुन्हा, असा साधा नियम आहे. तिला तो कुणी सांगितला नाही. बाळाचा डोस मात्र एकही चुकला नाही.

शनिवारी नेलं लॅबमध्ये. फक्त एचबीएवनसीवर विसंबायचं नाही असं ठरवलं होतं, कारण लोह कमी असेल तर तो आकडा उगीच वाढलेला येऊ शकतो. म्हणून उपाशीपोटीची आणि ग्लुकोज पिऊन दोन तासांनीचीही केली. "चहासुद्धा नाही?" हे तीनदा विचारून झालं.

उपाशीपोटी 118. या आकड्याने अजून मधुमेह नाही, पण उंबरठ्यावर.

बाबांनी त्यांच्या फाइलमधला एक रिकामा प्लास्टिकचा कप्पा काढून पुढे केला. आई म्हणाली, "राहू द्या तुमच्यातच, मागच्या बाजूला. माझ्या एका कागदाला वेगळी फाइल कशाला?"