किंमत नको, अंगकाठी बघा : एका प्रतिक्रियेला उत्तर

राम राम भाऊ,

लष्करी फिगर, म्हणजे जोडून रंगवायचा छोटा मॉडेल-शिपाई, कशी निवडावी या माझ्या लेखावर तुम्ही धुळ्याहून इतकं सविस्तर लिहिलंत, त्याला दोन ओळींत उत्तर देणं बरं दिसलं नसतं. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : हा पैसेवाल्यांचा सल्ला आहे, खानदेशात मॉडेलचं दुकान नाही, सगळं कुरिअरनं येतं, तेव्हा नामांकित कंपनीचा डबा घ्यावा आणि मोकळं व्हावं, पोरांनी स्वस्तातल्या फिगरवर हात बसवावा, आणि शेवटी हे सगळे गोरे शिपाई, त्यात आपलं काय?

पैशाचं आधी सांगतो. ‘महाग घ्या’ असं मी कुठंही लिहिलेलं नाही, ‘बघून घ्या’ असं लिहिलंय. १/३५ स्केलचा (खऱ्याच्या पस्तिसाव्या हिश्श्याचा), कडक प्लास्टिकचा चार-पाच शिपायांचा सेट एका मोठ्या रेझिन बस्टच्या, म्हणजे साच्यात ओतलेल्या छातीपर्यंतच्या पुतळ्याच्या, मानानं पुष्कळ स्वस्त पडतो. तो नीट निवडलेला असला तर वाईट रेझिनपेक्षा कधीही सरस. आणि दुकान नाही म्हणूनच तर डोळा तयार हवा. वस्तू हातात घेता येत नाही, फोटोवरूनच पारख करायची आहे.

कंपनीच्या नावावर मात्र विसंबू नका. तामिया या जपानी मॉडेल-कंपनीचंच बघा. १९७०च्या दशकातले तिचे १/३५चे काही सेट अजून विकले जातात आणि अलीकडचे काही सेट खऱ्या माणसांचं थ्री-डी स्कॅनिंग करून बनवलेले आहेत. डब्यावर दोन तारे तेच, पण आत जमीन-अस्मानाचा फरक. जुन्यांचे चेहरे बोथट, कपड्यांच्या चुण्या वरवरच्या. म्हणून साचा कोणत्या सालचा हे आधी शोधा, नाव नंतर.

मग बघायचं काय? गणपतीच्या कारखान्यात जाऊन रंगाआधीची पांढरी मूर्ती बघा. बैठक चुकलेली असेल, एक खांदा उतरलेला असेल, तर ते तिथंच दिसतं; पुढं रंग आणि खडे चढले की आपली नजर त्यांच्यावरच खिळते. फिगरचंही तेच. डब्यावरचं चित्र चित्रकाराचं असतं, ते तुम्हाला काहीच सांगत नाही. स्प्रूचे (सुटे भाग लागून येतात त्या प्लास्टिकच्या चौकटीचे) किंवा नुसत्या जोडलेल्या, बिनरंगी फिगरचे फोटो मिळाल्याशिवाय पैसे देऊ नका.

त्या फोटोत मी पहिल्यांदा पाय आणि कंबर बघतो. माणूस एका पायावर भार देऊन उभा असेल तर त्या बाजूचं कमरेचं हाड वर जातं आणि खांदा थोडा खाली येतो. हे नसेल तर शिपाई उभा वाटत नाही, टेकवून ठेवल्यासारखा वाटतो, आणि कुठल्याही रंगकामानं ते सुधारत नाही. मग हात. रायफल धरलेल्या मुठीत बोटं लाकडाला खरोखर वळसा घालतात का, की तळवा आणि दस्ता यांच्यात फट आहे? दस्त्याचं टोक खांद्यात रुतलंय का? शिपायानं नेम धरलेला असेल तर गाल दस्त्याला लागलाय का? हात फसले असतील तर मी पुढं बघतच नाही.

कडक प्लास्टिकच्या फिगरमध्ये कडेचे तपशील पुसट का येतात, तेही समजून घ्या. पोलादी साचा दोन बाजूंना उघडतो. उघडताना अडकेल असा खोलगट भाग त्यात कोरता येत नाही. त्यामुळे खिशाची कड, पट्ट्याचं बक्कल बाजूला आलं की विरघळल्यासारखं दिसतं. चांगला कारागीर म्हणून धड, डोकं, हेल्मेट, पाऊच वेगवेगळे देतो. रेझिन रबराच्या साच्यात ओततात, तिथं ही अडचण नाही, पण रबर झिजतं आणि शंभराव्या ओतकामात पहिल्याची धार राहत नाही. तेव्हा विक्रेत्याकडं सध्याच्या मालाचा फोटो मागा.

माप तर घरबसल्या तपासता येतं. दुसऱ्या महायुद्धात भारतीय सैन्याकडं जी ली-एनफिल्ड रायफल प्रामुख्यानं होती, तिची लांबी सुमारे ११३० मिमी. १/३५मध्ये ती ३२ मिमीच्या आसपास भरायला हवी. व्हर्नियर कॅलिपर लावून मोजा. ३६ भरली तर ती रायफल त्या शिपायाची नव्हे.

पोरांच्या हात बसवण्याबद्दल मला सगळ्यात जास्त बोलायचंय. १/७२च्या मऊ प्लास्टिकच्या पिशव्या स्वस्त असतात हे खरं. पण त्या प्लास्टिकवर रंग धरत नाही, भाला वाकला की पोपडे निघतात. साच्याचे दोन भाग जुळतात तिथं उमटलेली रेघ पात्यानं खरवडायला जावं तर ती निघत नाही, धागे सुटतात. पोरगं समजतं, आपल्याला जमत नाही, आणि नाद सोडून देतं. त्याचा त्यात काडीचाही दोष नसतो. त्याच पैशांत कडक प्लास्टिकच्या फिगर कमी येतील, येऊ द्या. त्या खरवडता येतात, घासता येतात, गोंदानं एकजीव होतात.

आपल्या उन्हाचा एक मुद्दा. जळगावचा मे ४५ अंशांना टेकतो, आणि कुरिअरच्या बंद गाडीत रेझिनच्या बारीक संगिनी वाकून येऊ शकतात. फिगर परत पाठवू नका. गरम पाण्यात क्षणभर बुडवा, सरळ करा, गार पाण्यात धरा.

आता ‘आपलं काय?’ बरंच काही. घोडेस्वार घ्यायचा असेल तर आधी सारंगखेड्याच्या यात्रेत, घोड्यांच्या बाजारात जा आणि घोडा चालताना पाय कसे पडतात ते तासभर बघा. पुढचे पाय पुढं आणि मागचे मागं ताणून हवेत उडालेला घोडा जुन्या फिगरमध्ये सर्रास असतो, पण दौडताना घोडा जमीन सोडतो तेव्हा त्याचे पाय पोटाखाली गोळा झालेले असतात. छायाचित्रकार मायब्रिज यांच्या १८७८च्या छायाचित्रांनी ते दाखवून दिलंय.

मराठा लाइट इन्फंट्रीचे यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव, दोघांनाही इटलीतल्या लढाईसाठी व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. १० जुलै १९४४ रोजी घाडगे मशिनगनच्या ठाण्यावर एकटे धावून गेले, तेव्हा त्यांच्या हातात टॉमी गन (हातात धरून चालवायची छोटी मशिनगन) होती. त्यांची फिगर करायची तर धावणाऱ्या ब्रिटिश शिपायाचं चांगलं धड निवडा, रायफल काढून टॉमी गन द्या आणि डोकं रेझिनचं वेगळं घ्या. हॉर्नेटसारख्या कंपन्या नुसती डोकी विकतात. १८२५मध्ये आउट्रम या इंग्रज अधिकाऱ्यानं उभारलेल्या खानदेश भिल्ल कोअरचा शिपाई तर धरणगावचा, आपल्या अंगणातला. तो डब्यात तयार मिळेल याची वाट बघू नका. त्या काळातला साधा उभा पायदळ शिपाई घ्या, भार नीट पेललेला. बाकी इपॉक्सी पुट्टीनं (मळल्यावर कडक होणाऱ्या लगद्यानं) चढवता येतं. पण पुट्टी मळण्याआधी त्या काळचं चित्र किंवा वर्णन समोर असू द्या, अंदाजानं गणवेश करू नका.

तुमच्या मनात कोणता सेट आहे ते कळवा आणि स्प्रूचा फोटो पाठवा. हात आणि पाय कसे आहेत ते मी बघून सांगतो.