‘जपान्यांच्या पोरांसाठी गळा कशाला काढता?’ या कमेंटला उत्तर, जरा लांबलंय

नमस्कार. कमेंट काल रात्रीच वाचली होती, पण रागात काहीतरी लिहून बसेन म्हणून आत्ता टाईप करतोय. माझा लेख त्सुशिमा मारूवर होता, म्हणजे ओकिनावा या जपानच्या दक्षिणेकडच्या बेटावरून शाळकरी मुलांना हलवणारी जपानी बोट, जी दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन पाणबुडीने बुडवली. तुमचं म्हणणं असं की त्या बोटीवरच्या मुलांसाठी मी रडलो, पण त्याच युद्धात अंदमानात याच जपान्यांनी आपल्या लोकांचे काय हाल केले ते सोयीस्कर विसरलो, आणि अमेरिकन पाणबुडीला उगाच व्हिलन केलं.

पाणबुडीचं तुमचं बरोबर आहे. मी ‘मुलांची बोट’ लिहिलं ते चुकलंच. साधी मालवाहू बोट, आधीच्या फेरीत चीनमधून सैनिक घेऊन ओकिनावाला आलेली, सोबत नौदलाची जहाजं. 22 ऑगस्ट 1944 च्या रात्री बोफिन या अमेरिकन पाणबुडीने टॉर्पेडो मारले तेव्हा आत कोण झोपलंय हे त्यांना कळणार कसं? दुरुस्ती केलीये.

पण अंदमानचा हिशोब चौथीतल्या पोराकडून वसूल करायचा का? सायपन हे जपानच्या ताब्यातलं बेट अमेरिकेकडे गेलं, आता आपली पाळी म्हणून सरकारने ओकिनावातून एक लाख लोक हलवायचं ठरवलं, त्यात काळजी किती आणि ओकिनावात येणाऱ्या जपानी फौजेसाठी खाणारी तोंडं कमी करणं किती ते तुम्हीच ठरवा. आईबाप धजत नव्हते, मग शिक्षक घरोघरी फिरून समजावत होते. पोरं मात्र खूश, का तर तिकडे जपानच्या मुख्य भूमीवर बर्फ बघायला मिळणार! लिहिताना मी तिथेच अडकलो होतो खरं तर, दोन दिवस पुढे काही सुचलंच नाही.

बोट बुडाली तेव्हा जवळपास 1,500 माणसं मेली, त्यात 780 हून जास्त शाळकरी मुलं. मुलांतली वाचली 59.

आणि लेखाचा रोख पाणबुडीवर नव्हताच हो, तो भाग बहुतेक तुम्ही स्क्रोल करून पुढे गेलात. वाचलेल्यांना दम भरला होता की याबद्दल कुठे चकार शब्द काढायचा नाही. म्हणजे इकडे आई पत्राची वाट बघतेय, पोचलं असेल का, थंडी सोसत असेल का, आणि जगून परत आलेल्या पोराला शेजारचे विचारतायत ‘आमचा कुठाय?’ तर त्याने खाली मान घालून उभं राहायचं. आपल्या भाषेत सांगायचं तर सुतक कधीपासून धरायचं हेसुद्धा त्या घरांना कोणी सांगितलं नाही. मला राग आहे तो याचा, आणि तो जपानच्याच सरकारवर आहे.

अंदमानवर लिहीन, नक्की. तुमच्याकडे चांगलं काही वाचायला असेल तर लिंक टाका. हा लेख मात्र काढणार नाही.