दहा पानं गिरवून अक्षर का सुधारत नाही

"मूल आळशी म्हणून अक्षर वाईट. रोज दहा पानं गिरवून घ्या, पेन्सिलीला रबरी ग्रिप लावा. तरी जमलं नाही तर रेतीत खेळवा, इंद्रियं जागी होतात." शाळा सुरू झाल्या की गोव्यातल्या पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर हा निरोप फिरतो.

आधी आळस. तेच मूल शर्टाच्या बटणांशी झटतं का, चेंडू सुटतो का, डब्याचं झाकण दुसऱ्याकडून उघडून घेतं का, बघा. तसं असेल तर मुळात हालचालींची जुळणीच अवघड जात असण्याची शक्यता आहे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात डिस्ग्राफिया (लिहिण्यातली अडचण) आणि डिस्प्रॅक्सिया (हालचाली जुळवण्यातली अडचण) दोन्ही आहेत, आळस नाही.

दहा पानांनी तर उलटंच होतं. ठिपके गिरवताना डोळा पुढचा ठिपका शोधतो, हात तुकडे जोडतो. 'ग'ची दांडी खालून वर ओढली तरी चित्र 'ग'सारखंच दिसतं, म्हणून चूक कुणाला कळत नाही. तिसऱ्या पानापर्यंत बोटं दुखतात आणि तेच वळण मुरतं. त्यापेक्षा एक अक्षर, पाच-सहा मिनिटं. फळ्यावर हातभर मोठा 'ग' काढा; मुलानं तो ओल्या स्पंजच्या तुकड्यानं पुसत जायचं, तोंडानं म्हणत: "खाली, गाठ, थांब. दांडी खाली. वर रेघ." मग डोळे मिटून हवेत, शेवटी कागदावर चारच वेळा. त्यातला बरा कोणता, ते मुलानंच गोल करून दाखवायचं. 'ग' बसला की म, भ, न. गाठ आणि दांडी तीच.

ग्रिप फक्त बोटं सांभाळते. पाय लोंबकळत असतील तर अंग सावरण्यातच ताकद जाते. पायाखाली पाट द्या. खडू पेराएवढा तोडून द्या, मुठीत धरताच येत नाही.

रेतीबद्दल अर्धं खरं आहे. रेतीऐवजी ताटात काळा कागद, त्यावर बारीक रव्याचा पातळ थर, त्यात बोटानं अक्षर. जाड झाला की रेघ ढासळते. पावसाळ्यात रवा ओल धरतो, कोरडा भाजून घट्ट डब्यात ठेवा. चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) सुमारास, गणपतीच्या मूर्ती घडवतात त्या चित्रशाळेतली उरलेली चिकणमाती मिळाली तर त्याहून बरी: तिच्यात काडीनं कोरताना हाताला अडथळा लागतो, वळण जाणवतं. पण तेच अक्षर त्याच दिवशी कागदावर उतरलं नाही, तर तो नुसता खेळ.

आणि निरोपात नसलेली एक गोष्ट. आपली मुलं देवनागरी आणि रोमन एकदमच शिकतात. एक लिपी वरच्या रेघेला लटकते, दुसरी खालच्या रेघेवर बसते. मराठीच्या वहीत वरची रेघ पिवळी करा, इंग्रजीच्या वहीत खालची हिरवी.