झाकणावर काय छापू?

बैठा खेळ करायचा तर डोकं लागतं, पुठ्ठा लागतो आणि सोशीक घरचे लागतात. हे सगळं मला मिळालं. खेळ सांगलीच्या हळदीचा. खेळाडू म्हणजे व्यापारी. माल घ्यायचा, हरिपूरच्या पेवात, म्हणजे जमिनीखालच्या कोठारात, उतरवायचा आणि भाव चढेपर्यंत दम धरायचा. पटाच्या कडेला कृष्णेवरच्या आयर्विन पुलाची पाणी मोजायची फूटपट्टी आहे: 40 फुटांवर इशारा, 45 वर धोका. कृष्णेची सोंगटी त्याच्याही वर सरकली की पेवात पाणी. 2005 च्या पुरात खरीच पेवं बुडाली होती, त्यामुळे हा नियम सुचवल्याचं श्रेय नदीलाच.

खोक्याचं माप झालं, चित्रं झाली. छापखानावाला मित्र म्हणाला, "लका, नाव सांग की. झाकणावर काय छापू?"

आणि गाडी तिथंच रुतली.

'हळद' म्हटलं तर त्यानं झाकणाचा नमुना आणला, त्यावर मुंडावळ्या आणि सनई. 'पिवळं सोनं' हे खताच्या पोत्यावर शोभेल. 'राजापुरी' ही हळदीची जात, पण बायको म्हणाली, लोक राजापूरची गंगा कधी येते ते विचारतील. 'सौदा' ऐकून आईनं जपमाळ खाली ठेवली: "आपल्या घरात आकड्याचा धंदा नको." 'पेव' मला फार आवडलं होतं. शेजारच्या कॉलेजातल्या पोरानं ते इंग्रजीत लिहून दाखवलं आणि स्वतःच 'प्यू' असं वाचलं. मिरजेच्या मेव्हण्यानं तर 'हळदीघाट' सुचवलं, वर राजस्थानात किती खपेल याचा हिशोबही केला. खेळ त्यानं अजून एकदाही खेळलेला नाही. खरं तर खेळ न खेळलेल्यांनाच नावं धडाधड सुचतात. खेळलेले लोक विचार करतात आणि चहा मागतात.

धीर यावा म्हणून मी थोरामोठ्यांची चरित्रं चाळली. 'स्क्रॅबल' ज्या आल्फ्रेड बट्स यांनी बनवला, ते बेकारीत सापडलेले वास्तुविशारद. त्यांनी आधी 'लेक्सिको' म्हटलं, मग 'क्रिस-क्रॉस वर्ड्स'. 'स्क्रॅबल' हे नाव आलं 1948 मध्ये, तेही दुसऱ्या माणसानं ठेवलेलं. 1980 चा 'पॅक-मॅन' जपानात 'पक-मॅन' होता. अमेरिकेत कुणी टवाळ पहिलं अक्षर खरवडून त्याची शिवी करेल, या भीतीनं बदलला. आणि बॅडमिंटन? पुण्यातले इंग्रज तो खेळायचे म्हणून त्याला 'पूना'च म्हणत. पुढं इंग्लंडातल्या एका वाड्याचं नाव त्याला चिकटलं. बरंच झालं. नाहीतर शटल खाली पडलं की ते कसं टोलवायला हवं होतं, हे आम्हा सांगलीकरांना पुण्याहून ऐकावं लागलं असतं.

बारशाला नाव आत्या ठेवते. त्या न्यायानं विश्रामबागेतली माझी बहीण हक्क सांगून बसली होती आणि सकाळ-संध्याकाळ नावं पाठवत होती. सगळी संस्कृत. 'हरिद्राविलास' वाचून छापखानावाला म्हणाला, "ह्यात चूर्ण असतंय का?"

शेवटी रविवारी गल्लीतली पोरं खेळायला बसली. नदीची सोंगटी 45 च्या वर गेली आणि सगळी एका सुरात ओरडली, "पाणी आलं!" त्यानंतर त्यांच्या तोंडी तेच बसलं. "काका, 'पाणी आलं' काढा की!"

आई तयार होईना. 2019 च्या पुरात आमचं सामान माळ्यावर आणि आई मामाच्या घरी होती. असलं नाव दारात नको, म्हणाली. मग पोरांनी तिला पटावर बसवलं. तिनं सगळ्यांचा माल बुडवून आपली पोती आधीच्याच डावात विकली. एवढं झाल्यावर तिचा विरोध बराच मवाळ झाला. झाकणाच्या कोपऱ्यात गणपती मात्र पाहिजे, एवढीच अट.

छापखान्यात निरोप धाडला आणि आत्याबाईंचा मान म्हणून बहिणीला लगेच फोन लावला.

"ठरलं एकदाचं. पाणी आलं!"

"अगंबाई, आज लवकर? ठेव फोन, मोटर लावते," म्हणून तिनं फोन कट केला.