जुन्या वस्तूंची किंमत काढून घेण्याची कोल्हापुरी रीत

माळ्यावरच्या ट्रंकेत चांदीची गुलाबदाणी सापडली? अभिनंदन. आता ती प्लास्टिकच्या खुर्चीवर ठेवा, ट्यूबलाइट बरोबर मधोमध चमकेल असा फोटो काढा आणि रात्री अकराला मला, म्हणजे जुन्या वस्तू पारखणाऱ्याला, पाठवा. खाली एवढंच लिहा, "सर, रफ आयडिया द्या." वजन, उंची, बुडाचा फोटो असलं काही द्यायचं नाही. पाच मिनिटांत उत्तर आलं नाही तर एक प्रश्नचिन्ह पाठवा. मग तीन.

वस्तू कुणाची, असं विचारलं तर "महाराजांनी दिलेली" म्हणावं. कोल्हापुरात घरटी एक पणजोबा शाहू महाराजांच्या खास मर्जीतले होते. महाराज 1922 साली गेले, पण त्यांनी दिलेल्या भेटी अजूनही दर दिवाळीच्या साफसफाईत निघत असतात.

बुडाशी 'ई.पी.एन.एस.' दिसलं की तो राणीचा शिक्का समजावा. निकेलमिश्रित धातूवर चांदीचा मुलामा, असा त्याचा अर्थ सांगणारे लोक तुमच्यावर जळतात. चालता सिंह म्हणजे 92.5 टक्के चांदी आणि जहाजाचा नांगर म्हणजे बर्मिंगहॅमची तपासणी, हेही ऐकून घेऊ नये. "बर्मिंगहॅमला समुद्र आहे का?" असा बिनतोड सवाल करून मोकळं व्हावं.

जर्मन सिल्व्हरमध्ये चांदी नसते, हे घरच्यांना शेवटपर्यंत कळू देऊ नका.

रामपंचायतन असलेलं ईस्ट इंडिया कंपनीचं 1818 चं नाणं सापडलं तर नोकरी सोडायला हरकत नाही. त्या साली कंपनी पेशवाई बुडवण्यात गुंतली होती, तरी रामाची नाणी पाडायला तिला सवड मिळाली, हे विशेष. ते तांदूळ ओढतं, म्हणजे त्यात दैवी शक्ती आहे, म्हणणारे भेटले तर त्यांना आगाऊ रक्कमही द्या. व्हिक्टोरियाचा खरा रुपया मात्र, 11.66 ग्रॅमचा, जवळपास 92 टक्के चांदीचा, पोरांना कॅरमला द्यावा.

पोवळं खरं की खोटं, ते दुधात टाकून बघावं. दूध लाल झालं की खरं! रंग दिलेल्या खोट्याचाच रंग सुटतो, असली शंका काढणाऱ्याचा मंगळ वक्री असतो.

आता मुख्य गोष्ट. वस्तू दाखवायला नेण्याआधी घासावी. चिंच, रांगोळी, दंतमंजन, जे हाताला लागेल त्याने. त्याहून उत्तम म्हणजे पॉलिशवाल्याकडे नेऊन मशीनच्या चाकावर धरावी. परवा एका गृहस्थांनी हेच केलं. गुलाबदाणीच्या बुडाचा फोटो त्यांनी आधी पाठवला होता. ठिपक्याठिपक्यांनी, छिन्नीने ठोकलेली मोडी लिपीतली ओळ होती. कुणाचं तरी नाव, पुढे गाव, शेवटी वजन, रुपये भारात. रुपया एक तोळ्याचा होता तेव्हाचा तो हिशेब. गाव 'क'ने सुरू होत होतं, बाकीचं फोटोत चमकत होतं. मी फोनवर स्पष्ट सांगितलं, हात लावू नका, आहे तशी घेऊन या. गृहस्थ आले हसत हसत. "सर, चकाचक करून आणलीय बघा!" बूड आरशासारखं. त्यात माझं तोंड दिसत होतं, नाव कुणाचंच नव्हतं. पाकळ्यांवरच्या शिरा गेल्या, मोराचा डोळा गेला. वर मलाच विचारतात, "आता किंमत वाढली असेल ना?"

अहो, वाढली कसली! तो काळेपणा म्हणजे मळ नव्हता. हवेतल्या गंधकाने चांदीवर चढणारा थर तो, खोबणीत राहतो म्हणून तर नक्षी उठून दिसते. मशीनच्या चाकाला थर आणि चांदी यातला फरक कळत नाही, ते दोन्ही खातं. नाव, गाव, वजन होतं तोवर तुमची वस्तू एका घराची होती. आता ती गुजरीत, म्हणजे सराफ बाजारात, मोडीच्या भावाने, टंच (चांदीचा कस) काढून, घट धरून घेतील, आणि ते काही चुकीचं करणार नाहीत. तुम्हीच तिची मोड केलीत.

आणि तेवढ्यावर थांबले नाहीत. पिशवीतून हस्तिदंती मूठ काढली. तापलेल्या सुईने भोक पाडून 'टेस्ट' केलेली! भिंगातून कापाच्या बाजूला एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेषा दिसतात, हाडात दिसत नाहीत. एवढं बघायला सुई लागत नाही. पण त्यांना खरेखोटेपणा नको होता, गिऱ्हाईक हवं होतं. भारतीय हस्तिदंताचा व्यापार 1986 पासून बंद आहे. मालकीचा दाखला असला तरी वस्तू वारशाने पुढे जाते, विकता येत नाही. पकडलात तर तीन ते सात वर्षं. हे सांगितल्यावर म्हणतात, "कुणाला कळणार आहे?"

शेवटी पत्रं मागितली. एक पत्र हवं, गुलाबदाणी शंभर वर्षांपूर्वीची आहे म्हणून, म्हणजे अमेरिकेतला भाचा जास्त दर मिळवेल. दुसरं हवं ती शंभराच्या आतली आहे म्हणून, म्हणजे 1972 च्या पुरावस्तू कायद्यात न अडकता विमानाने जाईल. एकाच वस्तूची, एकाच माणसाच्या सहीची, एकाच तारखेची दोन पत्रं!

साहेब, वय सांगणारी ओळ तुम्ही पुसून आलात. मी एकही पत्र देणार नाही. पुन्हा विचारू नका.