‘गरज वाटली की आई सांगेलच’ : प्रतिक्रियेला उत्तर

तुमच्या प्रतिक्रियेचा सूर रागाचा असला तरी मुद्दे नेमके आहेत, त्यामुळे दोन ओळींत उत्तर देऊन भागणार नाही. वयस्कर माणसाला घरी मदतीची गरज आहे हे कसं ओळखायचं, याबद्दलच्या लेखातली लक्षणं वाचून तुम्ही लिहिलंत की चष्मा विसरणं, एखाद दिवस आंघोळ टाळणं हे साधं म्हातारपण आहे. अशा याद्यांमुळे मुलं आईवडिलांवर पाळत ठेवायला लागतात, हा तुमचा दुसरा मुद्दा. आणि तिसरा, तुमच्या ७८ वर्षांच्या आई एकट्या उत्तम राहतात आणि गरज वाटली की स्वतःहून सांगतील.

पहिल्या मुद्द्यावर वादच नाही. सुट्या लक्षणाला काही किंमत नाही. जन्मभर पसाऱ्यात राहिलेल्या माणसाच्या घरी पसारा दिसला तर त्यात नवल नाही. पण ज्यांनी कधी बिल थकवलं नाही त्यांच्या टेबलावर थकलेली बिलं आणि न उघडलेली पाकिटं साठली असतील, तर विचारायला हवं. तुलना शेजारच्या ठणठणीत आजोबांशी नाही, त्याच माणसाच्या सहा महिन्यांपूर्वीच्या वागण्याशी करायची.

दुसरं बघायचं ते म्हणजे नेमकं कोणतं काम सुटलं. लॉटन आणि ब्रॉडी या अमेरिकी संशोधकांनी १९६९ मध्ये एकट्यानं राहायला लागणारी आठ कामं मांडली : फोन, खरेदी, स्वयंपाक, घरकाम, कपडे धुणं, प्रवास, औषधं, पैसे. त्याआधी १९६३ मध्ये अमेरिकी डॉक्टर कॅट्झ यांनी सहा मूलभूत कामं मांडली होती : आंघोळ, कपडे घालणं, शौचालय वापरणं, पलंगावरून उठून खुर्चीत बसणं, मलमूत्रावरचा ताबा आणि स्वतःच्या हातानं जेवणं. डॉक्टर आजही याच चौकटी वापरतात. फोन, पैसे अशी पहिल्या गटातली कामं सहसा आधी सुटतात, कारण त्यांत आठवण, हिशोब, क्रम सगळं लागतं. दुसऱ्या गटात बहुधा आंघोळ आधी जाते आणि जेवण सगळ्यात शेवटी. ओली फरशी, वाकणं, एका पायावर तोल, डोक्यापर्यंत हात नेणं हे सगळं आंघोळीच्या दहा मिनिटांत येतं. म्हणून आंघोळ टाळण्यामागे आळसापेक्षा घसरण्याची भीती असण्याची शक्यता जास्त. ‘बाथरूममध्ये कशाला धरता?’ एवढं विचारा. उत्तर ‘नळ’ किंवा ‘टॉवेलची दांडी’ आलं तर सावध व्हा. या वस्तू माणसाचं वजन पेलायला बनवलेल्या नसतात. भिंतीत पक्का बसवलेला आधाराचा दांडा ताबडतोब लावून घ्या.

आई स्वतःहून सांगतील हा तिसरा मुद्दा मात्र पटत नाही, आणि त्याचं कारण तुमच्याच प्रतिक्रियेच्या शेवटी आहे. ‘वरच्या खोलीत जाणं बंद केलंय, स्वयंपाक एकदाच करतात, गोळ्या कधीमधी राहतात, पण तक्रार काही नाही,’ असं तुम्ही लिहिलंत. वयस्कर माणसं ‘जमत नाही’ असं क्वचितच म्हणतात. ती ते काम करणंच सोडतात. जिना टाळला की गुडघा दुखत नाही, मग तक्रार कशाची करणार? शिवाय सांगितलं तर घर सोडावं लागेल ही भीती असते. स्मरणशक्तीच कमी होत असेल तर चुकलेली गोळी लक्षात तरी कुठून राहणार.

गोळ्या, स्वयंपाक आणि जिना या तीन गोष्टी तपासता येतात. चोरून नको, आईंना सोबत घेऊनच.

गोळ्या मोजा. रोज एक याप्रमाणे ३० आणल्या आणि २० दिवस झाले, तर १० उरायला हव्यात. १६ उरल्या तर सहा चुकल्या. चारच उरल्या तर सहा जास्तीच्या गेल्या, आणि रक्तदाब, मधुमेह किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांबाबत हे अधिक धोक्याचं. आई मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेत असतील तर एकदाच जेवण्यानं रक्तातली साखर एकदम उतरू शकते. घाम, थरथर, असंबद्ध बोलणं हे सगळं मग ‘वयामुळे’ म्हणून खपून जातं.

स्वयंपाक एकदाच होतो, म्हणून वजन करा. प्रयत्न न करता सहा ते बारा महिन्यांत ५ टक्के घट, म्हणजे ६० किलोच्या माणसाचे ३ किलो कमी होणं, डॉक्टरांना दाखवण्याइतकं आहे. जुना आकडा नसेल तर सैल झालेली कवळी आणि कपडे बघा.

जिन्याच्या बाबतीत एक सोपी चाचणी आहे. हातांच्या खुर्चीवर बसवा, ३ मीटरवर खूण करा. उठून, नेहमीच्या चालीनं खुणेपर्यंत जाऊन, वळून, परत येऊन बसायचं. रोजची पादत्राणं आणि असेल तर काठी वापरू द्या. तुम्ही बाजूनं चाला. १२ सेकंद किंवा जास्त लागले तर पडण्याचा धोका आहे असं धरतात. मला विचाराल तर सेकंदांपेक्षा वळण जास्त बोलकं असतं : चारपाच तोकडी पावलं टाकत वळतात का, जाताजाता कपाटाला हात लावतात का. मग ५ मिनिटं आडवं झोपवून रक्तदाब घ्या आणि उभं राहिल्यावर १ व ३ मिनिटांनी पुन्हा घ्या. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला तर डॉक्टरांना कळवा. अनेकदा औषधाचा डोस बदलूनच प्रश्न सुटतो.

एक अपवाद. काही तासांत किंवा एकदोन दिवसांत माणूस गोंधळला, भलतंच बोलू लागला किंवा गुंगीत राहिला, तर ते म्हातारपण नाही. संसर्ग, शरीरात पाणी कमी पडणं, रक्तातलं सोडियम उतरणं, बद्धकोष्ठता, झोपेची किंवा सर्दीची नवी गोळी, काहीही असू शकतं. त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

पाळतीबद्दल तुमची चिडही रास्त आहे, पण ती बघण्यावर नको, ताबा घेण्यावर हवी. गोळ्या चुकतात तर सात दिवसांच्या कप्प्यांचा डबा आणा आणि आठवड्यातून एकदा कुणीतरी भरून द्या. तरीही चुकल्या तरच गोळीच्या वेळी माणूस हवा. आंघोळीला आधी कुणी दाराबाहेर नुसतं थांबलं तरी पुष्कळदा पुरतं. स्वयंपाक जड जातो म्हणून दिवसभराचा मदतनीस ठेवला आणि तो बटणंही लावू लागला, तर जे जमत होतं तेही जाईल. चोवीस तास सोबत लागते ती वेगळ्या कारणांनी : पडल्यावर एकट्याला उठता न येणं, गॅस वारंवार चालू राहणं, ओळखीच्या वाटेवर चुकणं, रात्री शौचालयापर्यंत हात धरावा लागणं. पडून तासाभराहून जास्त जमिनीवर राहिल्यास स्नायू, त्वचा आणि मूत्रपिंडालाही इजा होऊ शकते. म्हणून फोन टेबलावर नको, अंगावर हवा.

आणि आई नाही म्हणाल्या तर? परिणाम समजून नाही म्हणत असतील तर तो त्यांचा अधिकार. समजतंय का ते मात्र विचारून बघा : ‘बाथरूममध्ये पडलात आणि आतून कडी असली, तर काय कराल?’ त्यांनी नीट उपाय सांगितला तर तोच करा, म्हणजे बाहेरून उघडणारी कडी, गळ्यात फोन, किल्ली शेजारी. ‘मी पडणारच नाही’ एवढंच उत्तर आलं, तर पुढच्या तपासणीला तुम्हीही सोबत जा.