गुम्बा भरतीचा नाही

मारिओच्या व्हिडिओ गेममधल्या गुम्बाबद्दल एक दावा हल्ली सगळीकडे फिरतो. गुम्बा म्हणजे तो तपकिरी, जाड भुवयांचा, दोन पायांवर डुलत येणारा, अंगावर उडी मारली की चपटा होणारा शत्रू. दावा असा: खेळ जवळपास तयार झाल्यावर त्याला घाईघाईत आत कोंबलं. त्याचं चालणंही धड काढलं नाही, एकच चित्र उलटसुलट केलं. त्याला अक्कल नाही. काढून टाकला असता तरी कुणाला कळलं नसतं. आणि चाळीस वर्षं तोच माल पुन्हा पुन्हा खपवला जातोय.

यातल्या पहिल्या दोन गोष्टी खऱ्या आहेत, म्हणूनच बाकीचंही लोकांना पटतं. मला ते अजिबात पटत नाही.

‘शेवटी कोंबला’ हे आधी घेऊ. ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ जपानमध्ये १३ सप्टेंबर १९८५ ला आला. त्यातल्या शत्रूंमध्ये गुम्बा सगळ्यात शेवटी तयार झाला, हे निर्मात्यांनीच सांगितलेलं आहे. पण कारण काय होतं? तोवर सोपा शत्रू म्हणून कासव होतं. कासवावर उडी मारली की ते कवचात शिरतं. कवचाला धक्का दिला की ते सुसाट सुटतं, वाटेतल्यांना उडवतं, पाइपाला आपटून परत येतं आणि तुमचाच जीव घेतं. ज्याच्या हातात जॉयस्टिक पहिल्यांदाच आली आहे त्याला हे झेपत नाही. एका उडीत निकाल लागेल असा कुणीतरी सुरुवातीला हवा होता, तो हा. घर बांधून झाल्यावर उंबरा फार उंच झाला म्हणून खाली पायरी घातली, तर तिला कुणी उरलेल्या विटांची भर म्हणत नाही.

एकाच चित्राचं म्हणाल तर आख्खा खेळ ४० किलोबाइटचा, आणि त्यातली चित्रांसाठीची जागा फक्त ८ किलोबाइट. एवढ्यात मारिओ, कासवं, ढग, किल्ले, राक्षस, सगळं बसवायचं. १६ बाय १६ ठिपक्यांचा गुम्बा आरशात बघितल्यासारखा डावा-उजवा केला की कधी हा पाय पुढे, कधी तो, आणि तो डुलत चालतो. ही काटकसर आहे, आळस नव्हे. आणि बघा, तो चपटा झाल्यावरचं चित्र मात्र वेगळं काढलंय. चालण्यावर वाचवलेली जागा त्यांनी तिथे खर्च केली, कारण ‘तू बरोबर केलंस’ हे खेळणाऱ्याला त्या चपट्या चित्रातूनच कळणार होतं.

आता अक्कल. याबद्दल मला जरा सविस्तर बोलायचंय.

मागच्या दिवाळीत सहा वर्षांच्या भाच्याला मी तो जुना खेळ लावून दिला आणि मुद्दाम एक शब्द बोललो नाही. तो उजवीकडे चालत गेला. समोरून गुम्बा आला. भाचा थांबून बघत राहिला, गुम्बा थांबला नाही. लाइफ गेली. दुसऱ्यांदा त्याने उडी मारली, पण लवकर, आणि तो गुम्बाच्या पुढ्यातच उतरला. तिसऱ्यांदा उडी वरच्या विटांना अडली आणि तो बरोब्बर गुम्बाच्या डोक्यावर पडला. गुम्बा चपटा झाला, शंभर गुण आले. पोराने माझ्याकडे बघितलं आणि मग लगेच टीव्हीकडे.

पुढे त्याने प्रश्नचिन्हाच्या ठोकळ्याला डोकं मारलं, मशरूम बाहेर आलं. ते उजवीकडे घसरत गेलं, पाइपाला आपटलं आणि त्याच्याच दिशेने परत आलं. तो घाबरला, कारण आत्ताच अशाच मशरूमसारख्या दिसणाऱ्या गुम्बाने त्याला दोनदा मारलं होतं. पळायला बघितलं, उडी पुन्हा विटांना अडली, मशरूम अंगाला लागलं आणि मारिओ मोठा झाला. ही जागा खेळाचे निर्माते मियामोतो आणि तेझुका यांनी ठरवून रचलेली आहे. अंगावर येणारं सगळंच वाईट नसतं, हे इथे एकही अक्षर न लिहिता कळतं. पण ते कळायला आधी गुम्बाने मारलेलं असावं लागतं.

मग दुसऱ्या आणि तिसऱ्या पाइपाच्या मध्ये एक गुम्बा. तिसऱ्या आणि चौथ्याच्या मध्ये दोन. पुढे दोघे उंच विटांवर. गुम्बाला कडा दिसत नाही, तो सरळ चालत खाली पडतो, आणि बेसावध असाल तर तुमच्याच डोक्यावर. धोका वरूनही येतो, हा इथला धडा. असे आठेक गुम्बा झाल्यावर, स्टेज अर्धी संपल्यावर, पहिलं कासव दिसतं. हे सगळं जमतं कारण गुम्बा कधी बदलत नाही. तो हुशार असता, हुलकावण्या देत असता, तर पोराला आपलं काय चुकलं ते कळलंच नसतं.

आमच्या पिढीला तर हे जास्त लागू आहे. १९९० च्या दशकात आपल्याकडे घरोघर टीव्हीला जोडलेले व्हिडिओ गेम बहुतेक नकली होते. कॅसेटमध्ये खेळांची लांबलचक यादी, पण सोबत पुस्तिका नाही. मूळ पुस्तिकेत लिहिलंय की गुम्बा हे मशरूमच्या राज्याशी फितूर झालेलं मशरूम आहे. आम्हाला ते ठाऊक नव्हतं, त्याचं नावसुद्धा माहीत नव्हतं. आमच्या गल्लीत तो ‘चपट्या’. तरी कुणाला खेळ समजावून सांगावा लागला नाही, ते काम चपट्याने केलं.

‘काढून टाकला तरी कळलं नसतं’ याचं उत्तर खेळातच आहे. शेवटी राजकन्या सुटून खेळ संपला की दुसरी फेरी सुरू करा. तिथे गुम्बा खरंच काढून टाकलेत, त्यांच्या जागी कडक पाठीचे काळे किडे आहेत. त्यांना आगीचे गोळे लागत नाहीत, उडी मारली तर कवच उरतं. पहिली स्टेज तीच आणि तशीच, पण नवख्याला तिथे उभं करून बघा.

राहिलं ‘चाळीस वर्षं तोच’. १९८८ च्या तिसऱ्या भागात त्याला पंख फुटले, शिवाय एका स्टेजमध्ये तो भल्यामोठ्या बुटात बसून टणाटण उड्या मारतो, आणि तो बूट मारिओला पळवता येतो. १९९६ च्या ‘सुपर मारिओ ६४’ मध्ये तो तुम्हाला बघून दचकतो आणि धावून येतो. अलीकडच्या काही खेळांत मोकळ्या मैदानात नुसते विखरून टाकलेले गुम्बा मलाही आवडत नाहीत, तेवढी तक्रार रास्त आहे. पण २००० सालच्या ‘पेपर मारिओ’ मध्ये गूम्बारिओ नावाचा गुम्बा मारिओचा सोबती होतो, आणि त्याचं खास काम म्हणजे समोरचा शत्रू कोण, त्याच्यात ताकद किती, हे मारिओला सांगणं. २००४ च्या पुढच्या भागात तेच काम गूम्बेला करते, आणि ती तर पुरातत्त्वाची विद्यार्थिनी आहे. १९८५ मध्ये न बोलता शिकवणाऱ्याला त्यांनी शेवटी वाचा दिली.

आणि २०१७ च्या ‘सुपर मारिओ ओडिसी’ मध्ये मारिओ स्वतःच गुम्बा होऊ शकतो. एकावर एक गुम्बा चढवून उंच मनोरा करता येतो. बर्फावर मारिओचे पाय सटकतात, गुम्बाचे सटकत नाहीत.